नाव कोरणं आणि नाव घेणं

पुण्यात ‘ससूनला नेलंय’ एवढं म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, सगळं कळतं. मुंबईत कुलाब्याला पहाटे ‘ससून डॉकला निघालो’ म्हटलं की मासळीच आणायला चाललाय, हेही कळतं. या दोन शहरांत मिळून दिवसभरात हे नाव किती तोंडांतून जात असेल! पण ससून कोण, असं विचारलं तर बहुतेक जण खांदे उडवतात. ‘असेल कुणी इंग्रज.’ इंग्रज नव्हे. बगदादहून आलेलं यहुदी घराणं. आणि ‘ससून’ या हिब्रू शब्दाचा अर्थ आहे आनंद. ओपीडीच्या रांगेत केसपेपर हातात धरून उभं असताना हे आठवलं, तर हसावं की रडावं कळत नाही.

शहर एखाद्या दात्याचं नाव रोज घेतं आणि तरी त्याला विसरलेलं असतं. मग तो ज्या समाजातून आला, तो समाज त्याची आठवण कशी ठेवतो? प्रश्न साधा वाटतो. उत्तरात मात्र धर्मशास्त्र आहे, पंचांग आहे, तेलाचे दिवे आहेत आणि दहा माणसांचं एक गणितही आहे. मराठीत ‘नाव’ या शब्दाला निरनिराळी क्रियापदं लागतात आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. नाव कोरणं वेगळं, नाव घेणं वेगळं, नाव काढणं वेगळं, आणि नाव ठेवणं तर अगदीच वेगळं. यहुदी परंपरा समजून घ्यायला ही क्रियापदं फार कामाला येतात.

आधी दानाबद्दल. हिब्रूत त्याला ‘त्सदाका’ म्हणतात. आपण दान म्हटलं की दया, पुण्य, उदारपणा असं काहीतरी मनात येतं. त्सदाका हा शब्द ‘त्सेदेक’पासून आला आहे, म्हणजे न्याय. गरिबाला दिलं ते उपकार म्हणून नव्हे, ते त्याचंच होतं म्हणून. देणं हे देणं लागतो तसं, कर्ज फेडावं तसं. आता असं असेल तर देणाऱ्याचं कौतुक कशाला करायचं? वीजबिल भरलं म्हणून कुणी आपला सत्कार करत नाही.

ही अडचण जुन्या पंडितांनाही जाणवली होती. बाराव्या शतकातल्या रामबाम यांनी, म्हणजे मोझेस मायमोनिडीस यांनी, दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या. सगळ्यात खालची पायरी तोंड वाकडं करून देण्याची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे माणसाला काम मिळवून देणं, धंद्यात भागीदार करून घेणं किंवा कर्ज देऊन उभं करणं, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. तिच्या खालोखाल येतं ते गुप्तदान: देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही. जेरुसलेमच्या जुन्या मंदिरात यासाठी एक खोलीच होती. लोक तिथे गुपचूप टाकून जात आणि चांगल्या घरातले पण दिवस फिरलेले लोक गुपचूप घेऊन जात. मधल्या एका पायरीचं वर्णन मला फार आवडतं. काही थोर माणसं चादरीच्या टोकाला पैसे बांधून ती पाठीवर सोडत आणि रस्त्याने चालत. मागून गरीब येऊन गाठ सोडून घेत. घेणाऱ्याला दाता दिसतो, दात्याला घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून घेणाऱ्याला लाज वाटत नाही. पाठीला हलकासा ओढा जाणवत असेल, तेवढाच.

या परंपरेत संगमरवरी पाटी कुठून आली?

पाटीचा खटला

तेराव्या शतकात बार्सिलोनामध्ये श्लोमो बेन अदेरेत नावाचे मोठे धर्मपंडित होते. परंपरेत त्यांना ‘रश्बा’ म्हणतात. त्यांच्याकडे एक तंटा आला. एका माणसाने सिनेगॉगसाठी, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहासाठी, आपल्या पदरचं दिलं होतं आणि त्याला तिथे आपलं नाव कोरायचं होतं. गावातले काही लोक म्हणाले, नाही चालणार. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर कुणाचं नाव लागावं यावरून सभा मोडतात, त्यातलाच प्रकार.

रश्बांनी देणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चांगलं काम कुणी केलं हे धर्मग्रंथही नाव घेऊन सांगतो. योसेफाला भाऊ मारायला निघाले तेव्हा रऊबेनाने त्याला वाचवलं, हे नावासकट लिहून ठेवलं आहे. जे ग्रंथाने केलं ते गावाने केलं तर बिघडलं कुठे? शिवाय नाव दिसलं की दुसऱ्यालाही द्यावंसं वाटतं. पुढे सोळाव्या शतकात पोलंडच्या मोशे इस्सेर्लेस यांनी हे नियमातच बसवलं: दानाची बढाई मारू नये, पण दिलेल्या वस्तूवर आठवणीसाठी नाव घालायला हरकत नाही.

याच संदर्भात मिद्राशातली, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या भाष्यातली, एक कथा सांगतात, आणि ती मराठी बायबल वाचणाऱ्याला लगेच समजेल. बवाजाने शेतात सरवा वेचणाऱ्या परक्या रूथला हुरडा दिला. कथाकार म्हणतो, आपण दिलेल्या हुरड्याची नोंद कायमची होणार आहे हे बवाजाला आधी कळलं असतं, तर त्याने पुष्ट वासरं कापून तिला जेवू घातलं असतं! कथेत चिमटाही आहे आणि माया पण. माणूस बघणारा असला की जास्त देतो, हे पंडितांना ठाऊक होतं. त्यांनी त्यावर नाक मुरडलं नाही, उलट त्याचा उपयोग करून घेतला.

मग नाव कुठे कुठे कोरलं जातं? इमारतीच्या दर्शनी पाटीपुरतं मनात आणू नका. तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, हस्तलिखित गुंडाळी बगदादी यहुद्यांच्या आणि बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, सिनेगॉगमध्ये उभ्या पेटीत ठेवतात. पेटी लाकडाची असते, वर कधी चांदीचा पत्रा मढवलेला. तिच्या डोक्यावर चांदीचे दोन कळस बसवतात, ‘रिमोनीम’, शब्दशः डाळिंबं. त्यांना बारीक घुंगरं असतात, गुंडाळी उचलली की वाजतात. जवळ जाऊन पाहिलं तर त्या डाळिंबांच्या दांड्यावर हिब्रू अक्षरांची बारीक ओळ दिसते: अमक्याच्या मुलाच्या आत्म्याला शांती मिळो म्हणून त्याच्या घरच्यांकडून. एखादी आई, एखादा लहान वयात गेलेला मुलगा. लाखाची देणगी देणारा सावकार आणि एक कळस देणारी विधवा यांची अक्षरं सारख्याच आकाराची असतात, कारण दांडाच तेवढा असतो.

ज्यांच्याकडे चांदी नाही त्यांच्यासाठी दिवा. छताला साखळीने टांगलेल्या काचेच्या प्याल्यांत तेल घालून वात लावायची, ती कुणाच्या तरी नावाने. कोकणच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. तेल गाळणाऱ्यांच्या समाजात मेलेल्याची आठवण तेलाच्या दिव्याने राहावी, यापेक्षा चपखल काय असणार?

युरोपातल्या यहुद्यांनी याची चक्क खातेवही केली. जर्मनीत न्यूरेंबर्गच्या समाजाने १२९६ मध्ये एक स्मरणवही सुरू केली. त्यात नावं आहेत आणि नावांसोबत कारणं: याने दफनभूमीसाठी इतकं दिलं, हिने दिव्यांसाठी दिलं, म्हणून देव त्यांच्या आत्म्याची आठवण ठेवो. ही वही ठेवून द्यायची नव्हती, सभेत मोठ्याने वाचायची होती. कोरलेलं नाव भिंतीवर गप्प राहतं. वहीतलं नाव तोंडात यावं लागतं. दुसऱ्या क्रियापदाची सुरुवात इथेच होते.

तिथीने आठवण

मराठी माणसाला हा भाग समजावायला सगळ्यात सोपा, कारण आपल्याकडेही वर्षश्राद्ध तारखेने नाही, तिथीने होतं. यहुदी स्मृतिदिनही, त्याला ‘यार्झाइट’ म्हणतात, हिब्रू पंचांगाच्या तिथीनेच धरतात. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याशी जुळवलेलं, मग दोघांचा मेळ बसवायला अधिक महिना. आपल्यासारखंच. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, हा हिशोबही जवळजवळ तोच. फरक एवढाच की आपला अधिक मास फिरता, कधी अधिक श्रावण तर कधी अधिक ज्येष्ठ. त्यांचा अधिक महिना नेहमी ‘अदार’च. त्यामुळे साध्या वर्षी अदारात गेलेल्या माणसाचा दिवस दोन अदार असलेल्या वर्षी पहिल्यात धरायचा की दुसऱ्यात, यावर पंडितांचे वाद आहेत. आपल्या घरी अधिक महिन्यात श्राद्ध कधी करायचं यावर गुरुजी आणि आत्या यांच्यात होतात तसेच. आणखी एक: तिकडे दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून स्मृतिदिनाचा दिवा आदल्या संध्याकाळी लागतो आणि चोवीस तास जळतो. ‘माणसाचा आत्मा हा परमेश्वराचा दीप आहे’ असं नीतिसूत्रांत एक वचन आहे, त्याचा आधार या दिव्याला देतात.

उदाहरण घेऊ. डेव्हिड ससून १७९२ मध्ये बगदादमध्ये जन्मले, तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या जाचाने बाहेर पडले, १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले आणि नोव्हेंबर १८६४ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यात वारले. इंग्रजी कॅलेंडरवर त्यांचा दिवस नोव्हेंबरातच राहील. हिब्रू पंचांगात तो हेश्वान महिना, वर्ष ५६२५. हेश्वान कधी ऑक्टोबरात सुरू होतो, कधी नोव्हेंबरात. त्यामुळे दिवा कधी दिवाळीच्या आधी, कधी नंतर.

त्या दिवशी ‘कद्दीश’ म्हणतात. ही मृतासाठीची प्रार्थना म्हणून प्रसिद्ध आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात मृत्यूचा एक शब्दही नाही. मृताचं नाव नाही, दुःख नाही. देवाचं नाव मोठं होवो, त्याचं राज्य येवो, शांती लाभो, एवढंच. भाषाही बहुतांशी अरामी, म्हणजे एके काळची बोलीभाषा. आईवडील गेल्यावर मुलगा ती अकरा महिने म्हणतो. अकराच का, बारा का नाही? वाईटातल्या वाईट माणसाचा परलोकातला न्याय बारा महिने चालतो अशी समजूत. पूर्ण बारा महिने कद्दीश म्हटली तर ‘माझा बाप तसला होता’ असं कबूल केल्यासारखं होईल. म्हणून एक महिना आधीच थांबायचं. बापाची इतकी नाजूक राखण मी दुसऱ्या कुठल्या विधीत पाहिलेली नाही.

नाव घेतलं जातं ते ‘हशकावा’ या दुसऱ्या प्रार्थनेत. बगदादी आणि बेने इस्राएल दोघेही सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांची, रीत पाळतात, त्यांच्यात ती असते: अमक्याच्या मुलाला, तमक्याला, देवाच्या पंखांखाली विसावा मिळो. इथे एक बारकावा आहे. प्रार्थनेत माणसाचं नाव आणि बापाचं नाव येतं, आडनाव येत नाही. म्हणजे आपण ज्याला ‘ससून’ म्हणून हाक मारतो, ते डॉकवरचं, हॉस्पिटलवरचं, लायब्ररीवरचं नाव प्रार्थनेत गळून पडतं. तिकडे तो नुसता अमक्याचा मुलगा डेव्हिड. तसंच दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, पेणकर या कोकणातल्या गावांवरून आलेल्या आडनावांचं. गाव दाराबाहेर राहतं. शहर जे नाव लक्षात ठेवतं आणि सिनेगॉग जे नाव घेतं, ती दोन्ही एका माणसाची असून वेगवेगळी असतात.

मृताचं नाव नुसतं उच्चारूनही चालत नाही, नावामागे ‘त्याची आठवण आशीर्वाद होवो’ असं जोडतात. आपण कैलासवासी पुढे लावतो, ते मागे लावतात. आणि नाव घेताना काहीतरी द्यायचंही असतं. मेलेला माणूस आता सत्कर्म करू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने जिवंतांनी करायचं. आजोबांच्या दिवशी नातू चार पैसे गरिबांच्या पेटीत टाकतो, ते आजोबांच्या खात्यात जमा. आठवण म्हणजे मनात उसासा टाकणं नव्हे, खात्यावर व्यवहार होणं. दात्याची आठवण पुन्हा दानानेच होते, ती यामुळे.

दगडातले ससून

आता मुंबईत काळा घोड्यापाशी या. ज्या घोड्यावरून ते नाव पडलं, तो एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा डेव्हिड ससून यांचा मुलगा आल्बर्ट याने शहराला दिला होता, १८७९ मध्ये तो उभा राहिला. १९६५ मध्ये घोडा राणीच्या बागेत गेला, नाव मात्र इथेच राहिलं. समोर डेव्हिड ससून लायब्ररी. १८७० मध्ये इमारत पुरी झाली, खर्च सव्वा लाख रुपये, त्यातले साठ हजार ससून यांचे. प्रवेशाच्या कमानीवर त्यांचं दगडी डोकं आहे, आत जिन्यापाशी पूर्णाकृती संगमरवरी पुतळा. पागोटं, पायघोळ अंगरखा, लांब दाढी. इंग्रजांच्या शहरात बगदादचा पेहराव त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

त्या पुतळ्याकडे बघताना मला नेहमी वाटतं की ही आठवण त्यांच्या समाजाच्या रीतीची नाही, मुंबईच्या रीतीची आहे. यहुदी धर्मशास्त्राचा कल माणसाची पूर्ण मूर्ती टाळण्याकडे. सिनेगॉगमध्ये तुम्हाला दात्याचा पुतळा दिसणार नाही. नाव दिसेल, चेहरा दिसणार नाही. शहराला चेहरा हवा असतो.

पुण्यात उलट आहे. कॅम्पातल्या ‘ओहेल डेव्हिड’ सिनेगॉगला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, लाल विटांचं आणि उंच मनोऱ्याचं असल्यामुळे. ओहेल डेव्हिड म्हणजे डेव्हिडचा तंबू. बांधकाम त्यांच्या हयातीत सुरू झालं, १८६७ मध्ये पुरं झालं, तेव्हा ते हयात नव्हते. त्याच आवारात त्यांची समाधी आहे. यहुद्यांची दफनभूमी सहसा प्रार्थनेच्या जागेपासून दूर असते, त्यामुळे ही जवळीक वेगळीच. त्याच साली ससून हॉस्पिटल उभं राहिलं. दोन्ही इमारतींचा आराखडा एकाच इंग्रज अधिकाऱ्याचा, कर्नल विल्किन्स यांचा. एकीत ते झोपलेत आणि दुसरीत अख्खं पुणे त्यांचं नाव घेतं.

पण माझ्या मते ससून यांची खरी परीक्षा या मोठ्या इमारतींवर करू नये. रामबामच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसेल असं काम त्यांनी माहीमला केलं. तिथली मुलांची औद्योगिक शाळा, वाट चुकलेल्या मुलांना हातात कसब द्यायची. लायब्ररीसुद्धा मुळात कारागीर आणि तंत्रज्ञांच्या संस्थेसाठी होती. पुण्याला निराधार, पंगू लोकांसाठी घर, ते आज ‘निवारा’ म्हणून पुणेकरांना ठाऊक आहे. पाटीपेक्षा हे जास्त यहुदी वाटतं मला.

पुढच्या पिढीत नाव काढलं ते नातवाने, जेकब ससून याने. वडील एलियास यांच्या आठवणीसाठी त्याने १८८४ मध्ये फोर्टात केनेसेथ एलियाहू सिनेगॉग बांधलं. म्हणजे ‘एलियाहूची सभा’. नावातच वडील. कित्येक वर्षं निळ्या रंगात होतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर जुना रंग परत आला. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा आहेत. आज तिथली बहुतेक मुलं मुसलमान घरांतली. शाळेचं नाव शर्टाच्या खिशावर, वहीच्या कव्हरवर, हजेरीपटावर. रोज सकाळी शेकडो मुलं एका यहुद्याचं नाव छातीवर घेऊन पळत आत शिरतात. पाटी लावताना जेकबच्या मनात हे चित्र नक्कीच नव्हतं, आणि तरी रश्बांचा कौल यापेक्षा चांगला फळलेला मी पाहिला नाही.

ज्यांच्याकडे पेढी नव्हती त्यांचं काय? बेने इस्राएलांकडे ससून यांच्यासारखा पैसा कधीच नव्हता. त्यांचे पहिले मोठे दाते सामाजी हसाजी दिवेकर, कंपनी सरकारच्या फौजेतले शिपाईगडी. टिपूच्या कैदेत सापडले, सुटलो तर देवाचं घर बांधीन असा नवस बोलले, सुटले आणि १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, असं समाजात सांगतात. तोराच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीला गेले आणि तिथेच वारले. मांडवीतला सॅम्युअल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा, सामाजी म्हणजे सॅम्युअल. बेने इस्राएल सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. मस्जिद स्टेशनचं नाव त्याच मशिदीवरून पडलं असं ते अभिमानाने सांगतात.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ मध्ये समाजासाठी शाळा काढली. पुढे शांघाय-हाँगकाँगच्या सर एली कदूरी यांनी तिला मोठी देणगी दिली आणि माझगावची ती शाळा कदूरींच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हे मला जरा खटकतं, कबूल करतो. घाम एकाचा, पाटी दुसऱ्याची. केहिमकरांनी बेने इस्राएलांचा इतिहासही लिहिला, १८९७ मध्ये पुरा केला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. इतरांची नावं जपणाऱ्याला स्वतःचं नाव छापलेलं बघायला मिळालं नाही. त्याच कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका रिबेका रूबेन यांनी १९२२ पासून जवळपास तीन दशकं ती सांभाळली. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१३ मध्ये स्त्री मंडळ काढलं, पुढे कामा हॉस्पिटल चालवलं, १९६६ मध्ये पद्मश्री झाल्या. यांची देणगी रोख नव्हती.

अशांसाठी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, सकाळी एक जुनी प्रार्थना आहे. तिच्यात आशीर्वादाची यादीच आहे: जे दिव्यांना तेल देतात, पवित्र प्याल्यासाठी द्राक्षरस देतात, वाटसरूंना भाकरी देतात, गरिबांना दान देतात, आणि जे समाजाची कामं इमानाने करतात, त्या सगळ्यांचं देव भलं करो. या यादीत एकही नाव नाही. समाजाचा मुकादम, खजिना सांभाळणारा गब्बाय, चौगुले, दिवे पुसणारा शम्माश, हिशोबाच्या वहीवर रात्री जागणारा, सगळे त्यात येतात. आणि सगळ्यात मोठी दया कोणती म्हणतात? प्रेताला अंघोळ घालून मातीपर्यंत पोचवणं. तिला ‘खरी दया’ म्हणतात, कारण मेलेला परतफेड करू शकत नाही.

नावं ठेवायची तर

ससून घराण्याचा पैसा कापसाचा होता, कापडाचा होता आणि मोठ्या प्रमाणावर अफूचा होता. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जायची आणि त्या व्यापारात ही पेढी आघाडीवर होती. तेव्हा तो धंदा कायदेशीर होता, मुंबईचे पारशी, गुजराती, मारवाडी, इंग्रज सगळे त्यात होते. हे खरं असलं तरी चीनमधली घरं त्याने उद्ध्वस्त व्हायची राहिली नाहीत. यहुदी धर्मशास्त्रात चोरीच्या वस्तूने केलेलं पुण्यकर्म बाद धरतात. अफू त्यात बसते का, यावर वाद घालता येईल. पाटी काढून टाकावी असं मला वाटत नाही; पण लायब्ररीत पुतळ्यासमोर उभं राहून मुलांना सव्वा लाखांची गोष्ट सांगणाऱ्याने ते साठ हजार कुठून आले हेही सांगावं.

दुसरी गोष्ट घरातली. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी मुंबई सरकारकडे अर्ज केला: दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घाला. रंग, रीत, वंशशुद्धी, सगळे मुद्दे त्यात आले. जे बगदादी पुढे सगळ्या शहरासाठी दवाखाने बांधणार होते त्यांना मेल्यावरही कोकणातल्या धर्मबांधवांशेजारी झोपायचं नव्हतं. आणि तरी ससून यांनी काढलेल्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून अनेक वर्षं राहिले ते एक बेने इस्राएल, जोसेफ इझिकेल राजपूरकर. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. म्हणजे आज एखाद्या बेने इस्राएल आजीला त्या प्रार्थनांचा अर्थ मराठीत कळतो, तो ज्याने कळवला त्याचा पगार त्या संस्थेतून झाला होता. नाव ठेवायला जावं आणि असं काहीतरी मध्ये येतं.

राहिलं दहा माणसांचं गणित. कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. ‘मिन्यान’ लागतो, दहा प्रौढ पुरुषांचा. दात्याने लाखो दिले असोत, पाटी केवढीही मोठी असो, दहा डोकी जमली नाहीत तर त्याच्या दिवशी कद्दीश होत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली, लोदला, अश्दोदला, दिमोनाला, बीरशेबाला. इथे काही हजार उरले. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागद सोपे झाले, माणसं वाढली नाहीत. इमारती विश्वस्त निधीतून चालतात, भाडी येतात, दुरुस्त्या होतात. दिव्यात तेल घालायला पैसे आहेत.

शनिवारी सकाळी मात्र आत आठ-नऊ जण बाकांवर बसलेले असतात, पुस्तकं उघडलेली. एक जण हळूच उठून फाटकापाशी येतो. कोकणातून कुणी नातेवाईक उतरला असेल, इस्राएलहून सुट्टीवर आलेला कुणाचा मुलगा असेल, नकाशा हातात घेऊन सिनेगॉग बघायला आलेला एखादा परदेशी प्रवासी असेल. अशा प्रवाशाला पहिला प्रश्न ‘कुठून आलात’ हा नसतो. ‘तुम्ही यहुदी आहात का?’ असतो. हो म्हणाला, की त्याच्या हाताला धरून त्याला आत नेतात.